ह्यांची वीट

“मी गेल्यावरही दर रविवारी माझी वीट पुसायची,” ह्यांनी दवाखान्यात बजावलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. थीम पार्कच्या कंपनीने जुन्या चाहत्यांच्या नावाच्या विटा दारापाशच्या वाटेत बसवल्या, त्यांत ह्यांची पहिल्या रांगेत होती. तिकीट वाढलं, पाळणे गंजले, तरी कंपनीला नावं ठेवली म्हणून हे जावयाशीसुद्धा भांडले. आज लेकीबरोबर गेले तर सगळी वाट उखडलेली. तिकीट खिडकीतली मुलगी गोड हसली. “आजी, इथे दुकान होतंय. विटा राडारोड्यात गेल्या. नवीन घ्यायची का? आता फोटोसकट मिळते.” “बाबा असते तर तीही घेतली असती,” लेक पुटपुटली. “चल घरी, सुटलीस आई तू त्या नेमातून.” “रविवार आहे,” मी म्हटलं. खोदणाऱ्या मजुराला विचारलं, तेव्हा त्याने पार्किंगमागचा खड्डा दाखवला. नळावर फडकं ओलं केलं आणि तिकडे निघाले.