पालीची बहीण

लेकीने पाळलेल्या गेकोच्या काचपेटीत, नारळाच्या भुशात, खसखशीएवढे किडे वळवळताना दिसले तशा मालिनीबाई दोन पावलं मागे सरल्या. भिंतीवर पाल दिसली तरी त्या खोली सोडत, आणि गेको म्हणजे पालीचीच बहीण. चार दिवस गेकोने काही खाल्लं नव्हतं.

"पेटीसकट देऊन टाक कुणाला तरी," यजमान म्हणाले.

"अनघा परीक्षा देऊन येईपर्यंत ती माझ्याकडे आहे. जगवणार मी तिला."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "भुसा फेका, पेटी गरम पाण्याने धुवा, खाली साधा कागद घाला आणि तो रोज बदला. पण आधी तिला उचलावं लागेल."

मालिनीबाईंनी डोळे घट्ट मिटले, उघडले आणि हात आत घातला. गेको बुळबुळीत नव्हती. ती मुकाट्याने तळहातावर चढली. तिच्या पापण्यांच्या कडेला किडे चिकटले होते. "अगं, किती सोसलंस," म्हणत त्यांनी ओल्या कापसाने एकेक टिपला.

अकरा दिवस त्या कागद बदलत राहिल्या. बाराव्या दिवशी गेकोने त्यांच्या चिमट्यातली अळी झडप घालून गिळली.

"अहो, जेवली!" मालिनीबाई बाल्कनीकडे धावल्या. "पोर जेवली आपली!"