चंद्रावरचा हात

पडद्यावरचं रॉकेट चंद्रावर उतरू लागलं, तशा कमलिनीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. जुना सिनेमा त्यांच्या दिवंगत नवऱ्याने काढलेला. त्या हो म्हणाल्या की साफ केलेल्या प्रतीची डिस्क बाजारात येणार होती.

"वरच्या कोपऱ्यात एक हात होता," त्या म्हणाल्या.

"पुसला, काकू. रॉकेटचा दोराही पुसला," सारंग म्हणाला. एकेक फ्रेम साफ करण्यात त्याचं वर्ष गेलं होतं. "आता रॉकेट खरं वाटतं."

बाईंनी पडद्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"हात माझा होता. सातव्या महिन्यात स्टुलावर उभी राहून दोरा सोडत होते. टायटल्समध्ये माझं नाव असेल तर दाखव."

टायटल्स सारंगला पाठ होती; त्यांत ते नव्हतं. त्याने मूळ दृश्य परत आणलं.

रॉकेट दोऱ्यावर हेलकावलं. बांगड्यांनी भरलेला हात त्याला अलगद चंद्रावर टेकवत होता.