सडक्या खोबऱ्याचा वास

लांज्याकडे आमची रीत अशी, की डोंगरउतारावर नाचणीसाठी झाडं तोडायची तर आधी जागेच्या राखणदाराला नारळ द्यायचा. चांगला नारळ मी माशाच्या सारासाठी घरी ठेवला आणि नासका नेला. देव काय हुंगून बघणार आहे, असंही वर म्हणालो.

तीन पिकांत जमीन मेली. सोडून दिली. पंच्याऐंशी साली बघतो तर तोडलेल्या बुंध्यांना पुरुषभर उंच फुटवे आलेले. ऐन, किंजळ, सगळं हिरवंगार. पण पान चुरगाळलं की सडक्या खोबऱ्याचा वास. साल सोलली तर आत पांढरा, बुळबुळीत थर. बोटं मातीत घासली तरी घाण जाईना. मी तिथंच ओकलो.

"चांगला नारळ द्या नि मोकळे व्हा," माझी बायको चिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघंही वर गेलो. नारळ फोडला, पांढराशुभ्र निघाला. मी पान चुरगाळून हुंगलं. नुसता पाल्याचा वास.

"गेली बघ घाण," मी म्हणालो.

चिमानं पदर नाकाला लावला आणि ती दोन पावलं मागे सरकली.

"बोलू नका," ती म्हणाली. "तोंड मिटा आधी."