साडेआठचा फरक

सामना एकतर्फी होणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून पैजेला कुणी तयार होईना. आखातातल्या खैरानला समुद्राकाठी सुट्टीपुरत्या घेतलेल्या शॅलेमागच्या वाळूत मराठी मंडळाच्या बायकांचा थ्रोबॉलचा अंतिम सामना होता. फिंतास वस्तीची टीम तीन वर्षं ढाल घरी नेत होती. समोर मिरकाब वस्तीच्या बायका, त्यांतल्या दोघी तर आज पहिल्यांदाच चेंडू हातात धरत होत्या.

"त्यावर उपाय आहे. स्प्रेड," चंद्रहास म्हणाला. तो तेल कंपनीत होता आणि हे तो तिथल्या अमेरिकन साहेबाकडून शिकला होता. "फिंतास नुसती जिंकून चालणार नाही. साडेआठपेक्षा जास्त फरकाने जिंकली, तर फिंतासवाला पैज जिंकला. नाहीतर मिरकाबवाला."

"साडेआठ? अर्धा पॉइंट कसा काढतात?" नंदकुमारने विचारलं.

"काढत नाहीत रे. बरोबरी होऊ नये म्हणून असतो तो. नऊने जिंकल्या तर माझं, आठने जिंकल्या तर तुझं. हरल्या तरी तुझंच."

पैसे लावणं इथे गुन्हा, म्हणून ठरलं की हरणाऱ्याने शेगडीपाशी उभं राहून चाळीस माणसांची कोंबडी भाजायची. नंदकुमार बँकेत जोखमीचे अंदाज बांधायचा. त्याने मागचे सगळे सामने आठवले, फिंतासच्या फरकाची मनात सरासरी काढली, सहा आली. त्याने बिनदिक्कत मिरकाब घेतली. फिंतासची कॅप्टन सुनेत्रा, म्हणजे आपली बायको, हे त्याच्या हिशेबात कुठे आलंच नाही. ती जिंकणारच होती. मग बिघडत काय होतं?

पंचविसाचा डाव होता, जिंकायला दोनची आघाडी हवी. सुनेत्रा त्या दिवशी सरासरीत बसायला तयार नव्हती. बघता बघता चोवीस-पंधरा झाले. नंदकुमार खुर्चीच्या टोकावर आला. तेवढ्यात मिरकाबच्या बिल्कीसने जाळीजवळून एक टोला असा दिला, की चेंडू थेट वाळूत रुतला. चोवीस-सोळा.

"वा बिल्कीस! अजून एकच!" नंदकुमार उभा राहून ओरडला.

सगळं मैदान त्याच्याकडे वळलं. सुनेत्राने पंचांकडे टाइम-आउट मागितला आणि ती तडक त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"नंदू, तू कुणाच्या बाजूचा आहेस?"

"तुझ्याच. तू जिंकणार हे धरूनच चाललोय मी. फक्त नऊने जिंकू नकोस. आठ चालतील."

"म्हणजे मी जिंकायचं, पण बेताने."

"तसं नाही गं. हे जरा टेक्निकल आहे."

"आई, इट्स सो सिंपल," त्यांची बारा वर्षांची क्षितिजा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "बाबाने तुझ्या अगेन्स्ट बेट लावलीय."

सुनेत्राने ओढणी कमरेला आणखी घट्ट आवळली आणि परत गेली. पंधरा वर्षांच्या संसारात नंदकुमारने ते आवळणं दोनदाच पाहिलं होतं. आता ती नऊच्या फरकानेच जिंकणार, यात शंका नव्हती. चेंडू आला, तिने झेलला आणि सगळा राग खांद्यात आणून फेकला. चेंडू रेषेवरून गेला, भिंतीवरून गेला आणि थेट समुद्रात पडला.

चोवीस-सतरा. आता फरक आठच्या वर जाणंच शक्य नव्हतं. नंदकुमारची पैज पक्की झाली. तो समाधानाने खुर्चीत टेकला.

दुसरा चेंडू मिळाला तेव्हा सुनेत्राने तो जाळीत मारला. मग चोवीस-एकोणीस. चोवीस-वीस. तिचा हात प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात फिरत होता आणि मिरकाबच्या बायका नुसत्या बाजूला सरून पॉइंट घेत होत्या.

"सुनेत्रा, शांतपणे! एकच हवाय!" नंदकुमार पुन्हा उभा राहिला.

त्याचा आवाज ऐकून तिने पुढचा चेंडू पंचांच्या छत्रीवर घातला.

चोवीस-तेवीसला नंदकुमारने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच त्याने बिल्कीसचा टोला ऐकला, मग आणखी दोन, आणि शेवटी मिरकाबच्या बायकांचा कल्ला. सव्वीस-चोवीस. ढाल मिरकाबला गेली. पहिल्यांदाच चेंडू धरलेल्या त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. सुनेत्रा वाळूत बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. गाठ काही सुटत नव्हती.

चंद्रहास शब्दाचा पक्का. तो मुकाट्याने शेगडीकडे गेला. नंदकुमारने त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"अरे, पैज तू जिंकलायस!"

"तू जेवायला बस."

"पण नियम..."

"तुला नियम कळतो. तुला लग्न कळत नाही. बाजूला हो."

जेवणाची रांग लागली. सगळ्यात पुढे सुनेत्रा होती. नंदकुमारने निवडून एक चांगला भाजलेला तुकडा तिच्या ताटाकडे नेला. तिने ताट मागे घेतलं.

"आधी तुझ्या टीमला वाढ," ती म्हणाली आणि बाजूला उभी राहिली.

मग बिल्कीस आली. ढाल अजून तिच्या काखेतच होती. तिने दोन तुकडे घेतले आणि अगदी मनापासून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नंदकुमारभाई, तुमचे लई उपकार. आम्ही तर हात टेकले होते. तुम्ही माझं नाव घेऊन ओरडलात, तिथूनच अंगात बळ आलं."

नंदकुमारने पुठ्ठा उचलला आणि निखाऱ्यांना जोरजोरात वारा घालू लागला. बराच वेळ तो त्या धुरातच उभा होता.