साहेबाचं वर्तुळ

तंजावरचं राज्य खालसा झालं, तशी राजवाड्याची पागाही मोडली आणि तिथले जुने घोडेस्वार सुभानजी घरी बसले. त्यामुळे नव्या साहेबाला पोलिसांच्या घोडेस्वारांसाठी शिक्षक हवाय असं कळताच, साठीचे सुभानजी पागोटं चढवून मैदानावर हजर झाले.

परीक्षा सोपी होती. चुन्याने आखलेल्या वर्तुळावरून घोडा फिरवायचा, टाप रेषेबाहेर पडता कामा नये. सुभानजींनी आतल्या पायाने घोड्याला हलकंसं दाबलं, बाहेरच्या बाजूचा लगाम धरून ठेवला, नजर पुढच्या वळणावर टाकली आणि रेषेवरून तीन बिनचूक फेऱ्या काढल्या.

"लगाम फार ढिला," साहेब म्हणाला. "आता माझं बघ."

तो स्वतः स्वार झाला, दोन्ही हातांनी लगाम खेचला, टाचांवर टाचा मारल्या आणि वर्तुळाचं अंडं करून परत आला. उतरल्यावर त्याने मातीतले आपल्या घोड्याच्या टापांचे ठसे पाहिले, चुन्याची रेषा पाहिली. मग रेषाच चुकली आहे असं सांगून ती त्या ठशांवरून पुन्हा आखून घेतली.

"आता काय करणार, मामा?" दुभाषी वादिराजाने हळूच विचारलं.

"नोकरी," म्हणत सुभानजी पुन्हा घोड्यावर बसले आणि एकही टाप बाहेर पडू न देता त्या अंड्यावरून तीन फेऱ्या काढून आले.

साहेबाने खूश होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली.



"बघ, शिकवलं की येतं."