ताटाचा आवाज

शेततळ्यात टाकलेलं जाळं तिसऱ्यांदा रिकामं आलं, तसा धरणावरून मुद्दाम बोलावलेला मासेमार वैतागला. "आक्का, तळ्यात मासं हायत का नुसतं पाणीच?"

सोजराबाईने काठावरचं जर्मनचं ताट उचललं. दोन वर्षं पावसाने हात आखडता घेतलेला. मूग, मटकी, काहीच हाती लागलं नव्हतं. तिने तळ्यात मत्स्यबीज सोडलं तेव्हा गाव हसलं होतं. पण आठ महिने तिने नेमाने ताट वाजवून पेंड टाकली, अन् त्या आवाजाला मासे काठाशी यायला शिकले.

तिने पळीने ताटावर तीनदा ठोकलं. पाणी हललं. रोजच्यासारखे सगळे तिच्या पायांशी गोळा झाले. "आता टाक बाबा," ती हळूच म्हणाली आणि तिने मान वळवली.

सांजेला चुलीवर कालवण रटरटलं. घरात कितीतरी दिवसांनी असा वास सुटला होता. शेतात पांगलेल्या माणसांना जेवायला बोलवायलाही तेच ताट वाजायचं. सवयीने तिने ते उचललं, क्षणभर धरलं आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवलं.

मग अंगणात उभी राहून तिने लेकाला, सुनेला, नातीला, एकेकाला नावाने हाक मारली.