साहेबांना विचारून

"ही फरशी काढा," ती म्हणाली. "ह्यांना असला घसरडा प्रकार मुळीच चालायचा नाही."

ठेकेदाराने बाथरूमच्या दारातच कपाळावर हात मारला. सकाळपासून निम्मी फरशी बसवून झाली होती. "ताई, नीट सुकली की नाही घसरायची. मी सांगतोय ना."

"हेच ह्यांच्यापुढे सांगाल?"

झालं! एवढा धिप्पाड माणूस, पण साहेबांचं नाव निघालं की त्याचा आवाज बसायचा. त्याने मिस्त्रीला हाक मारली आणि फरशी उखडायला लावली.

साहेबांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. कामानिमित्त ते सारखे बाहेर असतात, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पण धाक असा, की विचारू नका. प्लंबरने एकदा दांडी मारली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता ह्यांना काय सांगू मी?" दुसऱ्या दिवशी प्लंबर ठेकेदाराच्याही आधी दारात हजर!

मऊ लागलं की माणसं कोपराने खणतात, हे ती पुरतं ओळखून होती. आधीच्या घरी एक रंगारी काम संपलं तरी रेंगाळायचा, न विचारता आतल्या खोलीत शिरायचा. पुढे कितीतरी दिवस ती दाराला खुर्ची लावून झोपली होती. इथे तसं व्हायला नको होतं. काम संपावं, परकी माणसं बाहेर जावीत, आतून कडी घालावी आणि बिनघोर झोपावं, बस्स, एवढंच तिला हवं होतं. म्हणून मुख्य दाराचं काम तिने सगळ्यांत आधी करून घेतलं. जाडजूड फळी, आतूनही चावीनेच उघडणारं नवं कुलूप, आतून दोन भक्कम कड्या.

"चोर सोडा ताई, वारासुद्धा आता विचारून आत येईल," ठेकेदार म्हणाला होता. ती हसली, पण तिने दोन्ही कड्या पुन्हा एकदा लावून बघितल्या.

बाकी दोघांचं छान जमलं. काही अडलं की ती म्हणायची, "थांबा, ह्यांना विचारून सांगते." आत जायची, दार लोटायची, फोनवर हळू आवाजात बोलायची. बाहेर यायची ती उतरलेल्या चेहऱ्याने. ओटा नेहमीपेक्षा उंच हवा, हे चांगले सहा फूट आहेत. कपाटाची दारं घट्ट लागायला हवीत, खडखड ऐकली की ह्यांचं डोकं फिरतं. ठेकेदाराला तिची कीव यायची.

"एकदा माझ्याकडे द्या ना फोन," तो म्हणाला. "मी समजावतो साहेबांना."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली, की सुताराची हातोडी वरच्या वर थांबली. "ह्यांना परक्यांशी बोललेलं खपत नाही. उगाच माझ्यावर यायचं."

"बरं बाई, राहिलं."

त्या दिवसापासून तो आणखीच जपून काम करू लागला. शिवाय टाइल्सच्या दुकानात, रंगाच्या दुकानात, जिथे जाईल तिथे सांगत सुटला, की बाबांनो, साहेब कधी घरात नसतात, पण धाक असावा तर असा! तिच्या कानावर आलं तेव्हा तिने त्याला बाजूला घेतलं.

"कशाला गावभर करता?"

"अहो, कौतुकच करतोय की!"

शेवटच्या दिवशी ती संध्याकाळी कामावरून परतली. शिड्या गेल्या होत्या, फरशी लख्ख पुसलेली होती. ठेकेदार एकटाच पिशवीत हत्यारं भरत होता.

"ताई, पास झालो!" तो उठलाच. "साहेब आले ना दुपारी!"

तिच्या हातातली पर्स खाली पडली.

"अहो, घाबरू नका. एकदम खूश आहेत. ओट्यावरून हात फिरवला, बाथरूममध्ये चालून बघितलं. म्हणाले, 'माझं नाव सांगून ही तुम्हाला फार पिळते का हो?' असे हसलो आम्ही दोघं! तुम्ही म्हणता तेवढे उंच काही नाहीत हं. आणि तापट? छे! किती गोड बोलतात."

"चावी..." तिने विचारलं.

"तुमची तुमच्याकडे आहेच. माझ्याकडची त्यांना दिली. आणि हो, त्या आतल्या कड्या काढून टाकल्या. साहेबच म्हणाले, 'हिला उगाच भीती वाटते, नुसतं कुलूप पुरे.' भोकंसुद्धा बुजवलीत, बघा, कळणार नाही."

तिने दाराकडे पाहिलं. खरंच काही कळत नव्हतं.

"दमलेत बिचारे. आंघोळीला गेलेत." त्याने पिशवी खांद्यावर टाकली.

"थांबा ना थोडं. चहा..."

"आज नको! इतक्या दिवसांनी भेटताय, मी कशाला मध्ये कडमडू?" तो खट्याळ हसला आणि जाता जाता त्याने दार ओढून घेतलं. कुलूप आपोआप लागलं.

तिने चावीसाठी पर्स उचलली. चेन मध्येच अडकली, उघडेना. खाली त्याची स्कूटर सुरू झाली आणि दूर गेली.

बाथरूममधलं पाणी बंद झालं. दाराची कडी निघाली. ओल्या पावलांचा आवाज हळूहळू बाहेरच्या खोलीकडे येऊ लागला.

"आलीस का गं?"

तिचं लग्नच झालेलं नव्हतं.